३० बेसबॉल मैदानं: माझी २४ झाली की २१? तुम्ही कसं मोजाल?

रानजाई
नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसती वाचनमात्र होते, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

मेजर लीग बेसबॉलच्या ३० टीम, त्यांची ३० मैदानं, २९ अमेरिकेत आणि एक कॅनडात टोरांटोला. ती सगळी बघायची असं मी आणि बाबांनी २०११ मध्ये ठरवलं. ठरवलं म्हणजे काय, बाबा पहिल्यांदाच न्यू जर्सीला आले होते, घरात बसून कंटाळले, टीव्हीवर कुठे क्रिकेट लागतंय का शोधत बसायचे. शेवटी एका शनिवारी त्यांना यांकी स्टेडियमला घेऊन गेले. बाबा म्हणजे सांगलीला क्लब क्रिकेटचे स्कोअरर, चांगली चाळीस वर्षं. मॅच त्यांना ओ की ठो कळत नव्हती, पण पुढच्या रांगेत एक आजोबा मांडीवर पुठ्ठा घेऊन काहीतरी लिहीत होते, यांचं सगळं लक्ष तिकडे. तिसऱ्या इनिंगला (यांच्या मॅचमध्ये नऊ असतात) बाबा उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसले. इंग्रजी बेताचंच, पण दोन स्कोअररना भाषा कशाला लागते. सातव्या इनिंगला बाबा स्वतः लिहीत होते. बॅट न फिरवता तिसरा स्ट्राइक खाल्ला, म्हणजे आउट झाला, की इंग्रजी के उलटा काढतात, ते बघून तर इतके खूश झाले! म्हणाले "हे आपल्यात पाहिजे होतं गं, बॉल सोडून बोल्ड होणाऱ्याला उलटा बी."

तेव्हापासून दर खेपेला तीनचार मैदानं. २०१९ नंतर गुडघ्यांमुळे त्यांचं येणं बंद झालं, मग मी एकटी किंवा लेकाला घेऊन जाते, स्कोअरकार्ड लिहिते, फोटो पाठवते, ते सांगलीला त्यांच्या वहीत उतरवून घेतात.

माझ्या हिशोबाने २४ झाली. सिअ‍ॅटल, सॅन डिएगो, फिनिक्स, आर्लिंग्टन, कॅन्सस सिटी आणि मिनिअ‍ॅपोलिस उरलीत. पण भाचा म्हणतो मावशी तुझी २१च. त्याचे आक्षेप असे:

ओकलंड: २०२४ मध्ये बघितलं. तो सीझन संपल्यावर टीमच तिथून गेली, आता सॅक्रामेंटोजवळ एका छोट्या मैदानावर खेळते, पुढे लास व्हेगासला जाणार आहे. मग ते धरायचं का?

डेन्व्हर: चौथ्या इनिंगनंतर बाहेर पडावं लागलं. लेकाला तिथली हवा बाधली, पुढचं सांगत नाही, कोणी जेवत असेल.

सिटी फील्ड, न्यूयॉर्क: इथे मी मॅच बघितलीय. पण क्रिकेटची. सचिनची! नोव्हेंबर २०१५. घरापासून तासाभरावर आहे, त्यामुळे कधीही जाऊ कधीही जाऊ करत बेसबॉल राहूनच गेलं.

तर बोला.

टवाळखोर
सचिनला बघितलंत ना? मग उरलेली २९ रद्द करा. झालं सगळं.

हापूस_इन_ह्यूस्टन
अरे वा! मीपण होतो, आमच्याकडे ह्यूस्टनला दुसरी मॅच झाली, तिसरी लॉस एंजेलिसला डॉजर स्टेडियमवर. एका बाजूला सचिनची टीम, एका बाजूला वॉर्नची, आणि वॉर्नने तिन्ही जिंकल्या. खेळपट्टी बाहेर तयार करून आणून बसवली होती. बाउंडरी कुठे कुठे इतकी जवळ की मिसटाइम झालेला पण सिक्स. पण खरं सांगू का, सेहवाग आणि सचिन चालत येताना दिसले तेव्हा शेजारचा एक गुजराती काका आणि मी, ओळख ना पाळख, मिठी मारून उभे.

मोजायचं म्हणाल तर माझा एक उपप्रश्न आहे. आमच्या मैदानाला तेव्हा संत्र्याच्या ज्यूसवाल्यांचं नाव होतं. होमरन (आपला सिक्स) मारली की भिंतीवरच्या रुळावर एक आगगाडी पळायची, तिच्या डब्यात मोठमोठी संत्री. २०२५ पासून नाव एअर कंडिशनरवाल्यांचं आलं. आता नाव बदललं की परत मोजायचं का?

मोरपीस७
छान धागा! पण आधी आमच्यासारख्या अडाण्यांना सांगा, मैदान तर मैदान, वानखेडे बघितलं काय आणि ब्रेबॉर्न बघितलं काय, त्यात ३० बघण्यासारखं काय असतं? खवचटपणा नाही, खरंच विचारतेय.

चार्ल्सकाठचा
@मोरपीस७ चांगला प्रश्न. बेसबॉलमध्ये आतलं मोजमाप सगळीकडे एकच, बेस (पळून गाठायचे टप्पे) ते बेस ९० फूट, पिचरचं (म्हणजे बॉलरचं) अंतर साडेसाठ फूट. पण बाहेरची भिंत किती लांब किती उंच हे ज्याचं त्याचं. म्हणजे घर ज्याचं त्याने अंगण हवं तसं आखायचं. आमचं बॉस्टनचं फेनवे पार्क १९१२ चं, सगळ्यात जुनं. गल्ल्यांच्या मध्ये कोंबलेलं त्यामुळे डावीकडे जागाच नाही, म्हणून मग तिथे ३७ फूट उंच हिरवी भिंत. दुसरीकडे होमरन जाईल असा बॉल इथे भिंतीला थाडकन आपटतो आणि परत आत. उलट जो दुसरीकडे साधा कॅच झाला असता तो इथे भिंतीपलीकडे जातो. खेळच बदलतो. भिंतीखालचा स्कोअरबोर्ड अजून आतून माणूस हाताने पाट्या लावून चालवतो.

आणि उजव्या बाजूला हिरव्या खुर्च्यांत एकच लाल खुर्ची आहे. १९४६ मध्ये टेड विल्यम्सने मारलेला बॉल तिथे बसलेल्या माणसाच्या स्ट्रॉ हॅटला भोक पाडून गेला, ५०२ फूट. मी लेकीला त्या खुर्चीत बसवून खाली बघायला सांगितलं, ती म्हणे बाबा इथून बॅट्समन दिसतच नाहीये.

स्वतःच्या मूर्खपणाचं पण सांगतो. पहिल्या वेळी स्वस्त तिकीट घेतलं, त्यावर लिहिलेलं होतं खांब आड येईल म्हणून. मला वाटलं येऊन येऊन किती येईल. बरोब्बर पिचर आणि बॅटरच्या मध्ये! अडीच तास मान डावीकडे उजवीकडे, लोकांना वाटलं असेल टेनिस बघतोय.

कोकणचा_बाब्या
शिकागोचं रिगली फील्ड बघितल्यावर मला कळलं की हा खेळ आपलाच आहे. १९१४ चं मैदान, बाहेरच्या विटांच्या भिंतीवर १९३७ मध्ये वेल लावलीय, आता नुसती गच्च. बॉल त्या वेलीत अडकला की फील्डरने दोन्ही हात वर करायचे, दोन बेस, विषय संपला. आणि फील्डरने शहाणपणा करून वेलीत हात घातला आणि बॉल सापडला नाही तर बॅटर पळतोच आहे.

आमच्या वाडीत सेम नियम होता, घाणेरीच्या कुंपणात बॉल गेला की दोन रन, आणि शोधायला गेलास तर चालू. आम्ही बारा वर्षांची पोरं असताना केलेला नियम, तिकडे मेजर लीगमध्ये छापील!

दिवे पण बघा, १९८८ पर्यंत तिथे नव्हतेच, सगळ्या मॅच दिवसा. शेजारच्या बिल्डिंगच्या गच्चीवर बाकं टाकून लोक तिकीट लावून बसतात. गच्चीतून मॅच, आहाहा, फक्त शेजारच्या काकू ओरडायला पाहिजेत.

अर्धवट_पुणेकर
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. हे बेसबॉलप्रेम नाही, तिकिटं जमवणं आहे. एका गावात एक संध्याकाळ जायचं, फोटो काढायचा, पुढच्या गावाला. त्यापेक्षा एक टीम धरा, तिच्या वर्षाला घरच्या ८१ मॅच असतात, त्यातल्या वीस बघा, खेळाडू ओळखीचे होतील, हरल्यावर जेवण जाणार नाही, त्याला फॅन म्हणतात. २०१२ मध्ये एका गड्याने २३ दिवसांत ३०च्या ३० केली म्हणे. काय बघितलं असेल? विमानतळ.

टवाळखोर
युरोप बारा दिवसांत, शाकाहारी जेवणासह.

रानजाई
@अर्धवट_पुणेकर राग नाही, अर्धं पटतं. पण माझ्या गावची टीम धरली असती तर मिलवॉकीला कशाला गेले असते सांगा? तिथे लोक दुपारपासून पार्किंगमध्ये शेगड्या मांडून बसलेले, गाडीच्या डिकीत लोणच्याच्या बरण्यांपासून सगळं. आम्ही आपले दोघं कोपऱ्यात डबा उघडून दशम्या खात होतो. पलीकडचं कुटुंब आलं, हे काय म्हणून, बाबांनी दशमीवर शेंगदाण्याची चटणी घालून दिली. त्या बाईंनी आमच्यासाठी मक्याची कणसं भाजून दिली, आणि बाबा तिखटमीठ लिंबू काढून बसले. त्या बाई नंतर चार पार्किंगपर्यंत लिंबू वाटत फिरत होत्या. सहाव्या इनिंगला सॉसेजचे वेष घालून माणसं पळतात ती शर्यत आली तेव्हा बाबांनी वहीत त्याचाही निकाल लिहिला. हे घरी बसून कुठे मिळणार.

सोलापुरी_चादर
खाण्याचा विषय निघालाच आहे तर. शाकाहारी लोकांनी लक्षात ठेवा, बऱ्याच मैदानांवर बाहेरचं खाणं चालतं, मऊ पिशवीतून, पाण्याची सीलबंद बाटली पण. सगळीकडे नाही, आधी बघून जावं. एका ठिकाणी (नाव घेत नाही) गेटवरच्या गार्डने माझ्या भाकरवडीचा डबा उघडला, एक उचलून दिव्यासमोर धरली, वास घेतला, सहकाऱ्याला बोलावलं. दोघांची चर्चा. मी म्हटलं खा एक. खाल्ली. मग दुसऱ्याने खाल्ली. मग तिसरा आला. आत गेलो तेव्हा डब्यात चुरा.

आत विकत घ्यायचं तर सॅन फ्रान्सिस्कोचे लसणाचे फ्राइज, डोळे मिटून. दुसऱ्या दिवशी मीटिंग नसेल तर. आणि भुईमूग शेंगा सगळीकडे, टरफलं खाली टाकायची, कोणी काही म्हणत नाही. जत्रेतच बसल्यासारखं वाटतं.

हापूस_इन_ह्यूस्टन
रानजाईताई, सिअ‍ॅटल राहिलंय ना तुमचं? तिथे भाजलेले नाकतोडे मिळतात. तिखट लिंबू लावून. खरंच, थट्टा नाही, २०१७ पासून.

रानजाई
ई!! तिखट लिंबू लावून म्हटल्यावर बाबा चाखून बघतील ही भीती आहे.

गडकरी_नव्हे_गडप्रेमी
मोजण्यावरून वाद म्हणजे आमचा प्रांत. गडवाल्यांत हेच चालतं. राजगडावर पद्मावती माचीवर मुक्काम केला, पण बालेकिल्ल्याला पाऊस होता म्हणून गेलो नाही, तर राजगड झाला का? आमच्या ग्रुपमध्ये यावरून दोन माणसं तीन वर्षं बोलत नाहीत.

माझं मत: ओकलंड झालं. आज एखाद्या गडाचा बुरूज ढासळला म्हणून काल चढलेला गड वजा होतो का? डेन्व्हर म्हणजे माचीवरून परत. सिटी फील्ड म्हणजे गडावर लग्नाला गेलात, गड बघितला नाही.

वऱ्हाडी_ठेचा
गडावर लग्न! काऊन बे, बरं हाय ना!

चार्ल्सकाठचा
डेन्व्हरबद्दल नियमाच्या बाजूनेही अडचण आहे. मॅच अधिकृत धरायला पाच इनिंग व्हाव्या लागतात (घरची टीम पुढे असेल तर साडेचार). तुम्ही चारला उठलात. म्हणजे पावसाने तिथेच थांबली असती तर तेवढ्यावर ती मॅच पूर्ण धरली नसती. सॉरी.

अवांतर: डेन्व्हरला वरच्या मजल्यावर विसाव्या रांगेच्या खुर्च्या जांभळ्या आहेत, ती रांग समुद्रसपाटीपासून बरोब्बर एक मैल. हवा विरळ, बॉल लांब जातो, म्हणून २००२ पासून बॉल दमट कपाटात ठेवतात, नाहीतर कोरडे होऊन आणखी उडतात. आपल्याकडे पापड हवाबंद ठेवतात, हे उलटं.

रानजाई
जांभळी रांगच! तिथेच बसलो होतो. हौस माझी, भोगलं लेकाने.

सांजवात_एनजे
मी ओकलंडबद्दल लिहायला आले. २०२४ मध्ये सॅन होजेला बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन होतं, त्याला जोडून दोन दिवस सुट्टी वाढवली आणि नवऱ्याच्या हट्टापायी ओकलंडला गेलो. मला बेसबॉलमधलं शष्प कळत नाही. काँक्रीटचा अवाढव्य जुना वाडगा, निम्म्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या, आणि जे होते ते सगळे मालकाच्या नावाने ओरडत होते, टीम विक म्हणून. माझ्या शेजारी एक बाई, साठीच्या असतील, लहानपणी वडिलांबरोबर याच जागी बसायचे म्हणाल्या. सप्टेंबरात शेवटची मॅच झाली तेव्हा लोकांनी मैदानातली माती कपात भरून नेली असं वाचलं. आपल्याकडे गिरण्या बंद होताना असंच काहीसं झालं असेल का असं उगाच वाटलं. ते मैदान वजा करू नका हो.

अर्धवट_पुणेकर
हे मात्र पटलं. मीही मान्य करतो, ओकलंड धरा.

टवाळखोर
पुणेकराने मान्य केलं. ॲडमिन, धागा जपून ठेवा.

कोकणचा_बाब्या
टॅम्पाचं काय मग? २०२४ च्या मिल्टन वादळात त्यांच्या मैदानाचं छप्परच फाटलं, २०२५ चा अख्खा सीझन यांकीजच्या सरावाच्या मैदानात काढला बिचाऱ्यांनी. भाड्याच्या घरात गणपती बसवल्यासारखं.

रानजाई
टॅम्पा आम्ही २०१९ मध्ये छप्परासकट बघितलं. त्यावर भाच्याचाही आक्षेप नाही.

मोरपीस७
धन्यवाद @चार्ल्सकाठचा, आता कळलं. पुढचा प्रश्न, सगळ्यात सुंदर कुठलं? एकच सांगा, जाणं झालं तर तिकडेच जाईन.

हापूस_इन_ह्यूस्टन
पिट्सबर्ग. डोळे झाकून.

सोलापुरी_चादर
पिट्सबर्ग +१. नदी, पिवळा पूल, मागे शहराच्या इमारती, मॅचच्या दिवशी पुलावर गाड्या बंद, लोक चालत येतात. रिंकू सिंग (क्रिकेटवाला नव्हे) आणि दिनेश पटेल यांना करारावर घेतलं ती टीम हीच. भालाफेकीतून आलेली उत्तर प्रदेशची पोरं, एका टीव्ही स्पर्धेतून निवडलेली. मेजर लीगपर्यंत नाही पोचली, तरी आपली म्हणून जरा जास्तच प्रेम.

चार्ल्सकाठचा
पिट्सबर्ग सुंदर आहे पण बाल्टिमोरला मान द्या. १९९२ मध्ये त्यांनी शहराच्या मध्ये, जुन्या रेल्वे गोदामाला लागून विटांचं मैदान बांधलं. त्याआधी बरेच जण गोल काँक्रीटचे डबे बांधत होते. नंतरच्या निम्म्या मैदानांनी बाल्टिमोरचीच नक्कल केली. पिट्सबर्गही त्यातलंच, २००१ चं.

वऱ्हाडी_ठेचा
म्या त वाचूनच दमलो भौ. एक डाव सांगा, तीन घंटे बसून लोकाइले झोप नाही येत काय?

सोलापुरी_चादर
२०२३ पासून पिचरला घड्याळ लावलंय, बेस रिकामे असले की १५ सेकंदांत बॉल टाकायचा. आता साधारण दोन तास चाळीस मिनिटांत आटपतं. टेस्ट मॅच बघणाऱ्यांनी झोपेबद्दल बोलू नये भाऊ.

रानजाई
मंडळी, निकाल लागला. काल रात्री संपूर्ण धागा बाबांना फोनवर वाचून दाखवला. आमच्याकडे सातची मॅच म्हणजे सांगलीत पहाटे साडेचार, ते तसेही उठलेलेच असतात, चहा घेऊन बसले होते. भाकरवडीवर खूप हसले. मग म्हणाले थांब, आणि फोन तसाच ठेवून कपाट उघडल्याचा आवाज.

ओकलंड: "पान भरलेलं आहे. अक्षर घाणेरडं आहे पण भरलेलं आहे. धर."

डेन्व्हर: "चौथ्या इनिंगच्या पुढे कोरं. मी त्या दिवशी फोटोची वाट बघत बसलो होतो. नाही धरायचं." लेकाची तब्येत वगैरे काही चाललं नाही. सांगलीला लाइट गेली, पाऊस आला, अंपायरला चक्कर आली, तरी वही पूर्ण झाल्याशिवाय यांनी सही केली नाही कधी.

मग सिटी फील्ड. मला वाटलं इथे तरी विरघळतील, कारण त्या दिवशी ते माझ्या शेजारी होते आणि सबंध मॅच त्यांनी लिहिली होती. वाचून पण दाखवलं, सचिन कॉट कॅलिस बोल्ड वॉर्न २६. मी म्हटलं बघा, मैदान तेच, पान भरलेलं, सही तुमची. तर म्हणाले, "ते क्रिकेटच्या वहीत आहे. मैदानांच्या वहीत नाही. दोन वह्यांची बेरीज करत नसतात."

म्हणजे २४ नाही आणि २१ पण नाही. २२.

गडकरी_नव्हे_गडप्रेमी
बाबांना आमच्या ग्रुपमध्ये घ्या. तीन वर्षांचं भांडण एका दिवसात मिटेल.

अर्धवट_पुणेकर
काका ग्रेट आहेत. माझे शब्द मागे घेतो. सगळे नाही, पण बरेच.

सांजवात_एनजे
मग सिटी फील्डला मुहूर्त कधी? मी येते सोबत, एडिसनला राहते. सकाळी लवकर निघू, ७ नंबरच्या ट्रेनने आधी फ्लशिंग मेन स्ट्रीट, तिथून चालत गणपतीच्या देवळात, दर्शन घेऊन तळघरातल्या कँटीनमध्ये डोसा, मग उलट एक स्टेशन मागे येऊन स्टेडियम. अष्टविनायकातला नववा समजा.

रानजाई
चालेल, नक्की! रविवारची १:४० ची बघू. सांगलीत रात्री ११:१० ला सुरू होईल, म्हणजे बाबांना पहाटे उठायला नको. फक्त त्यांनी अट घातलीय, शेवटचा आउट होईपर्यंत उठायचं नाही आणि पेन्सिलीनेच लिहायचं. आणि डेन्व्हर पुढच्या जूनमध्ये परत, या वेळी खालच्या खुर्च्या.

सांजवात_एनजे
वहीवर चटणीचा डाग पडला तर चालतो का, ते तेवढं विचारून ठेवा.